एकतिसावी फळी

शमाल तीन रात्री वाहिली
आणि चौथ्या सकाळी सुपरवायझरचा फोन:
मेस्तरी, चौदा-पंधराच्या मधलं कुंपण झोपलंय.

झोपलंय, हा शब्द बरोबर होता.
चाळीस फूट फळ्या एका कुशीवर,
अंगावर वाळू ओढून.
लाकडी खांब वरून धडधाकट,
जमिनीलगत मात्र बोट खुपसलं तर आत जाईल असे.
अल खोरच्या मातीत मीठ,
त्यात लॉनला रोजचं पाणी;
लाकूड कुजतं ते हवेत नाही, खोल मातीतही नाही,
दोघांच्या सीमेवर.

टेकबहादुरने खांबांची मुळं उपटली.
(खांबाला मुळं नसतात. आम्ही तसंच म्हणतो.)
आमच्याकडे वईला पांगाऱ्याचे मेढे पुरायचे
आणि दोन पावसांत त्यांना पानं फुटायची.
मग कुंपण कुठलं नि झाड कुठलं
हे भांडायलाही कुणाला सवड नसायची.
इथे खांब लोखंडी, जस्तात बुडवून काढलेले.
त्यांच्यावरही फुलं असतात, नीट पाहा:
राखाडी, बिनवासाची,
जस्त थिजताना आपसूक उमटलेली.
पानं फुटणार नाहीत,
म्हणून तर ते घेतलेत.

खड्डा दोन फूट. तळाला घमेलंभर खडी.
वाऱ्यात ओळंबा ठरत नाही,
पाणसळ दोन बाजूंनी लावायची.
काँक्रीटचा माथा खांबापासून उतरता,
पाणी थांबलं की खांब गेला.
कापलेल्या टोकाला जस्ताचा रंग, दोन हात;
विसरलात तर गंज तिथूनच
घराचा पत्ता विचारत येतो.

काँक्रीटला दोन दिवस द्यावे लागतात.
ते दोन दिवस मध्ये काहीच नव्हतं,
सहा खांब नुसते.
चौदातल्या सुदानी डॉक्टरीणबाईंचे वडील, हाज इद्रिस,
काठी टेकत पंधरातल्या बोरीखाली गेले.
तिथे कोट्टयमची एलियाम्मा बसलेली,
लेक-सून कामावर, घरात एसीचा आवाज.
दोघांची भाषा एकही जुळत नव्हती.
त्याने चहाचा थर्मास आणला, तिने बोरं पुढे केली,
आणि करवत थांबली की
आम्हाला हसू ऐकू यायचं.
कशावर हसत होती, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी फळ्या.
आडवे पट्टे तीन, फळीगणिक सहा स्क्रू,
मधली फट पेन्सिलीएवढी, जास्त चालत नाही.
म्हातारा येऊन उभा राहिला.
फळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
बोलला काही नाही.
बोलला असता तर मी त्याला नियम सांगितला असता.

एकतिसाव्या फळीला
मी वरचा एकच स्क्रू मारला.
खाली नुसती डोकी चिकटवली, दिसायला.
बाजूला सारली तर
माणूस जाईल एवढं नाही,
वाटी जाईल.

त्याच रात्री धाकट्याने फोटो पाठवला:
वई काढली, चिऱ्याची भिंत घातली,
त्याच्या आणि माझ्या अंगणाच्या मध्ये.
पैसे मीच पाठवलेले, घर दुरुस्तीला म्हणून.
भिंत ओळंब्यात होती, दरजा साफ होत्या.
काम चांगलं झालंय, असं मी कळवलं.

आठ महिन्यांनी कार्ड आलं:
पंधरा नंबर, फळी सैल, घट्ट करणे.
तक्रार कुणाची, ते लिहिलेलं नव्हतं.
गेलो. चौदाकडे एक प्लास्टिकची खुर्ची,
पंधराकडे एक.
माणसं आत असावीत, ऊन होतं.
फळीचं खालचं टोक इतकं गुळगुळीत
की रंध्यानेही तसं होत नाही.

पिशवीत ड्रिल होतं. स्क्रूही होते.
मी वरच्या स्क्रूला तेल सोडलं,
फळी एकदा हलवून पाहिली, कुरकुरली नाही.
कार्डावर लिहिलं: पाहिलं, ठीक आहे.
लागलेला वेळ: सात मिनिटं.